कॅबिनेटमध्ये पंखे कुठे आणि कोणत्या दिशेने लावायचे?

पंखा विकत घेण्याआधी एक चाचणी करून घ्या. तिला काहीच खर्च नाही. ज्या कामात संगणक सगळ्यात जास्त तापतो ते काम, मग तो गेम असो की व्हिडिओ रेंडर, अर्धा तास चालू ठेवा आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचं तापमान लिहून ठेवा. मग संगणक बंद करून कॅबिनेटचं बाजूचं पॅनल काढा आणि तेच काम पुन्हा अर्धा तास चालवा. आकडे दोन-तीन अंशांनीच उतरले, तर आत हवा ठीक खेळते आहे. आणखी पंखे लावून फारसं काही पदरात पडणार नाही. सात-आठ-दहा अंशांनी उतरले, तर कॅबिनेट गुदमरतंय. आणि पॅनल काढूनही प्रोसेसर ९५ अंशांवरच अडून बसला असेल, तर दोष पंख्यांच्या जागेत नाही: कूलर नीट बसलेला नाही, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट वाळली आहे, किंवा तो कूलर त्या प्रोसेसरला पुरा पडत नाही. अशा वेळी कॅबिनेटचे पंखे वाढवणं म्हणजे नुसता आवाज वाढवणं.

संगणक अजून जुळवायचाच असेल तर अर्थातच ही चाचणी नंतर करायची. पण लक्षात ठेवा, कारण शेवटी निकाल याच चाचणीने लागतो.

मुळात किती हवा लागते?

संगणक जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ४०० वॅट ओढणारा संगणक हा त्या खोलीपुरता ४०० वॅटचा हीटरच. ही उष्णता हवेने उचलून न्यायची असते, आणि त्याचा हिशोब सोपा आहे: वॅटच्या आकड्याला १.७६ ने गुणा आणि कॅबिनेटमधून प्रत्यक्षात वाहणाऱ्या हवेच्या सीएफएमने, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा जाते त्या आकड्याने, भागा. उत्तर येतं ते आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक, अंश सेल्सिअसमध्ये. ४०० वॅट आणि ७० सीएफएम धरले तर फरक येतो साधारण १० अंश.

१२० मिमीच्या साध्या पंख्याच्या खोक्यावर ५०-६० सीएफएम असं छापलेलं असतं. तो आकडा पंखा मोकळ्या हवेत, समोर काहीही आड नसताना मोजलेला असतो. जाळी, धुळीचा फिल्टर किंवा लिक्विड कूलरचा रेडिएटर (तापलेलं द्रव थंड करणारी जाळी) आड आला की तो बराच खाली येतो. तरीही गणित सांगतं की घरगुती गेमिंग संगणकाला तीन-चार पंखे व्यवस्थित पुरतात. नऊ-दहा पंख्यांचे जे रंगीबेरंगी फोटो दिसतात ते दिसायला छान असतात, पण पहिले दोन पंखे जितका फरक पाडतात तितका पुढचे पाच मिळूनही पाडत नाहीत.

आणखी एक गोष्ट: पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली ३४ अंशांवर असेल तर आतला कुठलाही भाग ३४ च्या खाली जाणार नाही. म्हणून तापमानाची तुलना करताना खोलीचं तापमानही सोबत लिहून ठेवा. पावसाळ्यातले आकडे उन्हाळ्यातल्या आकड्यांशी नुसते ताडून काही कळत नाही.

पायरी १: पंख्याची दिशा ओळखा

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पंख्याला दोन बाजू असतात. एका बाजूने पाती मोकळी दिसतात. दुसऱ्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या तीन-चार आडव्या काड्या असतात, मधल्या चकतीवर बहुतेक वेळा स्टिकर असतो आणि वायरही तिथूनच निघते. हवा मोकळ्या बाजूने आत शिरते आणि काड्यांच्या बाजूने बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीच्या कडेवर दोन छोटे बाण कोरलेले असतात: एक पाती फिरण्याची दिशा दाखवतो, दुसरा हवेची.

म्हणजे समोर उभं राहून पाहिलं तर पुढच्या, हवा आत घेणाऱ्या पंख्यांची मोकळी बाजू तुमच्याकडे असायला हवी. मागच्या पंख्याची काड्यांची बाजू कॅबिनेटच्या बाहेर.

अलीकडे उलट्या पात्यांचे पंखेही मिळतात. त्यांत हवा काड्यांच्या बाजूने शिरते आणि मोकळ्या बाजूने निघते. काचेच्या कॅबिनेटमध्ये आत घेणाऱ्या पंख्याचीही सुंदर बाजूच दिसावी, एवढ्यासाठी ते बनवलेले असतात. खोक्यावर ‘रिव्हर्स’ लिहिलेलं असेल तर वरचा नियम उलटा धरा. शंका असेल तर पंखा हातात धरून जोडा, संगणक चालू करा आणि कागदाची पट्टी समोर धरून बघा. ती ढकलली जाते की ओढली जाते, यातच उत्तर मिळतं.

पायरी २: पंखे नव्हे, आधी हवेची वाट ठरवा

कॅबिनेट रिकामं असताना त्याकडे नीट बघा आणि दोन प्रश्न विचारा. थंड हवा कुठून येऊ शकते? गरम हवा कुठून जाऊ शकते? पुढचं पॅनल जाळीचं असेल तर पहिल्याचं उत्तर सरळ आहे. पुढे सलग काच किंवा प्लास्टिक असेल, तर हवा कडेच्या फटींतून येते. त्या फटी बोटभरही रुंद नसतील तर आत तीन पंखे लावूनही ते उपाशीच फिरतात. अशा कॅबिनेटचं पुढचं पॅनल काढून एकदा तापमान बघा. मोठा फरक पडला, तर पंखे बदलण्यापेक्षा कॅबिनेट बदलण्याचा विचार आधी करा. मला विचाराल तर नवा संगणक जुळवणाऱ्याने पंख्यांच्या ब्रँडवर डोकं खपवण्याऐवजी जाळीचं पुढचं पॅनल असलेलं कॅबिनेट निवडावं. पुढचे निम्मे प्रश्न मग पडतच नाहीत.

नेहमीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये वाट अशी असते: पुढून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर. ‘गरम हवा वर जाते म्हणून’ असं कारण दिलं जातं, पण खरं सांगायचं तर पंखे फिरत असताना तो परिणाम नगण्य असतो. अगदी हळू फिरणारा पंखाही गरम हवेला खाली ढकलू शकतो. पुढून मागे ही दिशा योग्य ठरते ती दुसऱ्याच कारणाने. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, टॉवर कूलर (प्रोसेसरवर उभा राहणारा उंच कूलर) या सगळ्यांची रचना तीच वाट गृहीत धरून केलेली असते, शिवाय मागे बहुधा भिंत असते आणि समोर मोकळी खोली.

आता आत बघा. आडवं बसलेलं मोठं ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटचे चक्क दोन मजले करतं. खालच्या मजल्यावर कार्डाचे स्वतःचे पंखे असतात, आणि ते खालची हवा वर ओढतात. वरच्या मजल्यावर प्रोसेसर, त्याचा कूलर आणि रॅम. या दोन्ही मजल्यांना वेगवेगळी थंड हवा लागते. पुढे दोन पंखे लावत असाल तर एक खालच्या मजल्याच्या समोर आणि एक वरच्या मजल्याच्या समोर येईल असं बघा. दोन्ही वर सरकवून ठेवले तर कार्ड उपाशी राहतं. आणि आजच्या संगणकात सगळ्यात जास्त वीज खाणारा भाग बहुतेक वेळा तेच असतं. कार्डाच्या खाली बसलेल्या एम.२ एसएसडीलाही या खालच्या हवेचा फायदा मिळतो.

पुढच्या पंख्याच्या मागे जुन्या हार्ड डिस्कचा रिकामा पिंजरा असेल तर तो काढून टाका. वायरींबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. वायरींचा जुडगा पंख्याच्या अगदी तोंडाशी लोंबत नसेल, तर त्याने तापमानात क्वचितच फरक पडतो. वायरी नीट बांधण्याचा खरा फायदा असा की एखादी सुटून पात्यात अडकत नाही.

पायरी ३: कोणता पंखा आधी, कोणता नंतर

एकच पंखा असेल तर तो मागे, बाहेर फेकणारा. प्रोसेसरच्या जवळची सगळ्यात तापलेली हवा तो काढतो, आणि तिची जागा घ्यायला ताजी हवा पुढच्या जाळीतून आपोआप येते.

दुसरा पंखा पुढे, आत घेणारा, ग्राफिक्स कार्डाच्या पातळीला किंवा किंचित खाली.

तिसराही पुढेच, त्या दुसऱ्याच्या वर. पुढे दोन, मागे एक ही मांडणी बहुतेकांसाठी पुरेशी आहे आणि मी तरी इथेच थांबायला सांगेन. १४० मिमीची जागा असेल तर १२० ऐवजी १४० लावा. तेवढीच हवा कमी वेगात मिळते. पुढे दोन १४० मावत असतील तर तीन १२० च्या मागे लागायची गरज नाही.

चौथा पंखा कुठे, हे तुमच्या संगणकावर अवलंबून आहे. कार्ड जास्त तापत असेल आणि तळाला पंख्याची जागा असेल तर तिथे आत घेणारा लावा. कार्डाच्या पंख्यांना थेट ताजी हवा मिळते. मात्र कॅबिनेटचे पाय पुरेसे उंच हवेत. जमिनीपासून सेंटीमीटरभरच अंतर असेल, किंवा खाली गालिचा असेल, तर हा पंखा धूळ खाण्यापलीकडे काही करत नाही. प्रोसेसर जास्त तापत असेल तर चौथा पंखा वर, मागच्या कोपऱ्यात, बाहेर फेकणारा.

वरच्या पंख्यांचा घोळ

छतावर दोन-तीन पंख्यांची जागा दिसली की ती भरून टाकायचा मोह होतो, आणि इथेच चांगली मांडणी बिघडते. पुढच्या वरच्या पंख्यातून थंड हवा आत येते. ती सरळ टॉवर कूलरकडे जायला हवी. पण छताच्या पुढच्या भागात बाहेर फेकणारा पंखा असेल, तर तो ती हवा कूलरपर्यंत पोचायच्या आधीच उचलतो आणि बाहेर टाकतो. आत आली, काही न करता निघून गेली. पंखे वाढले, आवाज वाढला, प्रोसेसर होता तिथेच.

म्हणून टॉवर कूलर असेल तर छताची मागची जागाच वापरा, म्हणजे कूलरच्या वर किंवा त्याच्या मागे. पुढची जागा मोकळी सोडा. ती जाळी उघडी राहिल्याने पुढून येणारी हवा निसटते असं वाटत असेल तर आतून पुठ्ठ्याचा तुकडा लावून झाका आणि तापमान बघा. कुणी छताच्या पुढच्या जागी आत घेणारा पंखा लावतात. तोही चालतो, पण वरून धूळ पडते, त्यामुळे फिल्टर हवाच.

टॉवर कूलरचा स्वतःचा पंखाही तपासा. तो रॅमच्या बाजूने हवा घेऊन मागच्या पंख्याकडे ढकलणारा हवा. तो उलटा बसला असेल तर मागचा पंखा आणि कूलरचा पंखा एकमेकांशी भांडत बसतात. वरून मदरबोर्डवर फुंकणारा बुटका कूलर असेल तर दिशेचा प्रश्न नाही; फक्त त्याच्या वर हवा घ्यायला थोडी मोकळीक ठेवा.

एसएमपीएस

तळाशी बसणाऱ्या एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, आपला वेगळा पंखा असतो. कॅबिनेटच्या तळाला जाळी आणि फिल्टर असेल आणि खाली मोकळी जागा असेल, तर तो पंखा खाली तोंड करून बसवा: बाहेरची थंड हवा घेईल, मागून सोडेल, बाकी कुणाच्या अध्यातमध्यात येणार नाही. तळ बंद असेल किंवा कॅबिनेट गालिच्यावर असेल तर वर तोंड करा.

याच्या मागे एक गमतीचा इतिहास आहे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स रचना आणली तेव्हा मूळ कल्पना अशी होती की वर बसलेल्या एसएमपीएसचा पंखाच बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडेल. पण ती हवा एसएमपीएसमधून तापून यायची, आणि प्रोसेसर जसे जास्त वीज खाऊ लागले तशी ती कल्पना मागे पडली.

आत जास्त की बाहेर जास्त?

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असेल तर आत किंचित जास्त दाब राहतो. त्याला पॉझिटिव्ह प्रेशर म्हणतात. उलट असेल तर निगेटिव्ह. तापमानाच्या दृष्टीने दोन्हीत फार अंतर नाही. फरक पडतो तो धुळीत. दाब जास्त असेल तर प्रत्येक फटीतून हवा बाहेर निघते, आणि आत येणारी सगळी हवा फिल्टरमधूनच येते. दाब कमी असेल तर मागच्या स्लॉटच्या झाकणांतून, यूएसबी पोर्टांभोवतीच्या फटींतून, मिळेल तिथून धूळ आत ओढली जाते. वर ग्राफिक्स कार्डाने मागून सोडलेली गरम हवाही स्लॉटच्या जाळीतून परत आत येऊ शकते.

म्हणून कल थोडा आत घेण्याकडे ठेवा. पण नुसते पंखे मोजून हे ठरत नाही. पुढचे दोन पंखे जाड फिल्टरमागून हवा ओढत असतील आणि मागचे-वरचे दोन मोकळ्या जाळीतून फेकत असतील, तर कागदावर बरोबरी दिसली तरी प्रत्यक्षात दाब निगेटिव्ह असतो. तपासायची रीत अशी: सगळी पॅनलं लावून संगणक चालू करा आणि टिश्यू पेपरची बारीक पट्टी मागच्या रिकाम्या स्लॉटच्या जाळीसमोर धरा. पट्टी बाहेरच्या दिशेने फडफडली तर पॉझिटिव्ह, जाळीला चिकटली तर निगेटिव्ह. चिकटत असेल तर मागच्या पंख्याचा वेग जरा उतरवा, एवढंच.

रेडिएटर असेल तर

लिक्विड कूलरचा रेडिएटर पुढे लावायचा की वर, यावर वाद घालणाऱ्यांना तोटा नाही. पुढे लावला तर त्यातून खोलीची थंड हवा जाते, प्रोसेसर थंड राहतो. पण तीच हवा तापून आत येते आणि ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला गरम हवा येते. वर बाहेर फेकणारा लावला तर प्रोसेसर दोन-चार अंश जास्त दाखवेल, पण कार्ड आनंदात राहील. गेम खेळणाऱ्यांसाठी माझं मत वर लावण्याकडे झुकतं. संगणकाचं काम मुख्यतः प्रोसेसरवर चालत असेल, कार्ड साधंच असेल, तर पुढे लावायला हरकत नाही.

वर लावण्याआधी मोजमाप घ्या. रेडिएटर साधारण २७ मिमी, पंखा २५ मिमी, म्हणजे पाच सेंटीमीटरहून जास्त जागा मदरबोर्डच्या वर लागते. उंच रॅम असेल तर इथे अडतं.

रेडिएटर पुढे असो की वर, एक नियम पाळाच: प्रोसेसरवर बसणारा पंप हा सगळ्या रचनेतला सर्वात उंच भाग असता कामा नये. आत थोडी हवा कायम असते आणि ती सगळ्यात वर जाऊन बसते. ती पंपात साठली तर पंप खरखर करतो आणि लवकर जातो. त्यामुळे रेडिएटर तळाला कधीच नको. पुढे असेल तर त्याचा वरचा काठ पंपाच्या वर हवा.

रेडिएटर लावल्यावर मागचा पंखा ‘आता कशाला’ म्हणून काढू नका. प्रोसेसरभोवतीचे मदरबोर्डचे वीज पुरवणारे भागही तापतात. टॉवर कूलरचा वारा त्यांना आयता मिळायचा, तो आता बंद झालेला असतो.

पंखा निवडताना खोक्यावर स्टॅटिक प्रेशरचा, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलण्याच्या जोराचा, आकडाही असतो, मिमी पाणी या एककात. रेडिएटर किंवा दाट फिल्टरमागे लावायच्या पंख्याला हा आकडा जास्त असलेला बरा. मागच्या मोकळ्या जाळीवर साधा पंखा चालतो.

पायरी ४: बसवणं

संगणक बंद, एसएमपीएसचं मागचं बटण बंद, वायर काढलेली. पंख्याच्या प्लास्टिकमध्ये आटे पाडलेले नसतात; सोबत येणारे जाड, आखूड स्क्रू स्वतःच आटे पाडत जातात. त्यामुळे पहिल्यांदा जोर लागतो. चारही स्क्रू आधी अर्धे बसवा, मग एकेक करून घट्ट करा, आणि अडला की थांबा. जास्त पिळलं तर चौकट चिरते. बसवण्याआधी वायर कोणत्या कोपऱ्यातून निघते ते बघून पंखा फिरवून घ्या: ती मदरबोर्डमागच्या बाजूला सहज जाईल अशी हवी. हे नंतर लक्षात आलं तर चारही स्क्रू पुन्हा काढावे लागतात.

छताला किंवा तळाला आडवा बसणारा पंखा स्वस्तातल्या स्लीव्ह बेअरिंगचा नको. तो आडवा फिरताना लवकर झिजतो आणि घरघरू लागतो. फ्लुइड डायनॅमिक किंवा बॉल बेअरिंगचा पंखा घ्या.

पायरी ५: जोडणी

पंख्याचा कनेक्टर तीन पिनांचा किंवा चार पिनांचा असतो. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेवरून वेगाचा इशारा येतो, हाच पीडब्ल्यूएम. तीन पिनांचा पंखा मदरबोर्डवरच्या चार पिनांच्या हेडरवर, म्हणजे पंखा जोडायच्या जागेवर, बसतो, खाच जुळवली की झालं. फक्त बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) त्या हेडरला ‘डीसी’ मोड निवडा, नाहीतर तो सतत पूर्ण वेगात फिरत राहील.

प्रोसेसरच्या कूलरचा पंखा ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या हेडरवरच लावा. तो रिकामा असेल तर बरेच मदरबोर्ड सुरू होताना इशारा देऊन अडतात. बाकीचे ‘सिस्टिम फॅन’ किंवा ‘चेसिस फॅन’वर. लिक्विड कूलरचा पंप वेगळ्या हेडरवर, पूर्ण वेगात.

हेडर कमी पडले तर वाय-केबल चालते, पण हिशोबाने. एका हेडरची मर्यादा बहुतेक मदरबोर्डवर १ अँपिअर असते. खात्री मॅन्युअलमध्ये करा. पंख्याच्या स्टिकरवर त्याचा अँपिअरचा आकडा छापलेला असतो. ०.२ अँपिअरचे तीन पंखे एका हेडरवर निभावतात. त्याहून जास्त असतील तर एसएमपीएसच्या साटा वायरीतून वीज घेणारा फॅन हब (अनेक पंखे जोडायचा छोटा बोर्ड) वापरा. वाय-केबलवर मदरबोर्डला एकाच पंख्याचा वेग दिसतो, तेव्हा दुसरा बंद पडला तर स्क्रीनवर कळणार नाही.

दिव्यांचे पंखे असतील तर दिव्यांची वायर वेगळी असते, आणि इथे खरंच सावध राहा: ५ व्होल्टचा तीन पिनांचा आणि १२ व्होल्टचा चार पिनांचा असे दोन प्रकार आहेत. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टवर गेले की जळालेच.

पायरी ६: वेग ठरवणं

पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. त्याच वेगाचा दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. पुढे एकाऐवजी दोन पंखे लावायचे ते एवढ्यासाठी: दोघंही सावकाश फिरतात.

बायोसमधल्या फॅन कर्व्हमध्ये, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग हे ठरवणाऱ्या आलेखात, सुरुवातीला असं ठेवून बघा: ५० अंशांपर्यंत ३५-४० टक्के, ७० अंशांना ६० टक्के, ८५ च्या पुढे पूर्ण. प्रोसेसरचं तापमान एखादं पान उघडलं तरी क्षणभर उसळतं आणि पंखेही त्यासोबत भुणभुणत वर-खाली करतात. हा त्रास ‘स्टेप अप टाइम’ किंवा तशाच नावाची सेटिंग काही सेकंदांनी वाढवली की जातो.

गेम खेळणाऱ्यांसाठी अडचण अशी की मदरबोर्डच्या बायोसला सहसा ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसत नाही. गेममध्ये कार्ड भाजत असतं, प्रोसेसर निवांत असतो, आणि कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरकडे बघून आरामात फिरत राहतात. यावर उपाय म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चालणारं पंखे-नियंत्रणाचं सॉफ्टवेअर, ज्यात पुढचे पंखे कार्डाच्या तापमानाला बांधता येतात. ते नको असेल तर पुढच्या पंख्यांना एकच ठरावीक वेग द्या, ज्याचा आवाज तुम्हाला खुपत नाही असा.

पायरी ७: पुन्हा मोजा

सुरुवातीची बाजूच्या पॅनलची चाचणी आता परत करा. एका वेळी एकच बदल: एक पंखा हलवला, अर्धा तास चालवलं, आकडे लिहिले. दोन बदल एकदम केले तर फायदा कशाचा झाला ते कळत नाही. एखादा पंखा बंद करून तापमानात अंशभरही फरक पडला नाही, तर तो खुशाल काढून ठेवा.

कॅबिनेट टेबलाखालच्या बंद कप्प्यात ठेवलं असेल तर हे सगळं करूनही आकडे हलणार नाहीत. मागून निघालेली गरम हवा कप्प्यात साठते आणि पुढून परत आत येते. मागे वीतभर जागा आणि पुढे मोकळी वाट मिळाली पाहिजे.

फिल्टरवर धुळीचा थर दिसायला लागला की तो काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. महिन्याभरात दिसतो की तीन महिन्यांनी, हे तुमच्या खोलीवर आहे. आतल्या पंख्यांवर हवेचा फवारा किंवा व्हॅक्यूम वापरताना प्रत्येक पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पाती गरगर फिरली तर बेअरिंगवर ताण येतो, शिवाय फिरणारी मोटर उलट वीज तयार करून हेडरकडे पाठवू शकते. पात्यांच्या पुढच्या कडेवर चिकटलेली धूळ फवाऱ्याने निघत नाही. ती कोरड्या ब्रशने काढा.